छत्रीचे तुकडे

१७ फेब्रुवारी, सोमवार

कापली! छत्री कापली मी आज.

लॅबमधून येताना नवं ब्लेड पर्समध्ये टाकून आणलं. चप्पल काढली, हात स्वच्छ धुतले — सवय! — आणि हॉलमधल्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला. धम्मपालनं वाढवलेलं ते कोरल. आणलं तेव्हा नाण्याएवढं होतं, आता जेवायच्या ताटाएवढं. खाली जाड देठ, वर पसरट टोपी, टोपीवर बारीक बारीक बोटं. म्हणून आम्ही त्याला छत्री म्हणतो. दगडाला असं धरून बसलंय की उपटायला गेलं तर निम्मी टाकी हातात येईल. मंग टोपीच कापली, आणि तिचेही तुकडे केले. ओल्या खोबऱ्यातून सुरी जावी तसं ब्लेड गेलं. रक्त नाही, ओरडणं नाही. हाताला नुसता चिकट शेंबूड. मला वाटलं होतं काहीतरी होईल.

कारण सकाळचा फोन. हैदराबादला बदली झाल्यापासून तो अधूनमधून फोन करतो आणि टाकीचं विचारतो. खारेपणा बराबर आहे का, दिवे वेळेवर लागतात का, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर टिकतं का. आत्याबाईंचं — त्याच्या आईचं — मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशीसुद्धा आधी खारेपणा! संक्रांतीला आल्ता तेव्हा सांगून गेला, तिकडं अर्पिता आहे, कोरलवाल्यांच्या ग्रुपवर ओळख झाली, आता परत येणं नाही. आम्ही दोघी इथंच. बायको आणि आई. आणि टाकी.

आज म्हणाला, "छत्रीचा एक व्हिडिओ पाठव ना. अर्पिताला बघायचीय."

बघ म्हणावं आता.

आत्याबाई कॉटवरून ओरडल्या, "अगं सटवे, त्याचा जीव हाय त्याच्यात!"

मी म्हणलं, म्हणूनच.


१८ फेब्रुवारी

घरात घाण वास. टाकीचं पाणी ताकासारखं. पिवळ्या शेपटीचा मासा उलटा तरंगत होता. आत्याबाई म्हणाल्या, "हात लावीन तिथं मरण. दिसभर लोकांचं रगत काढायची सवय हाय ना."

आणि त्यांनी त्याला फोन करून सगळं सांगितलं. बटणाच्या फोनवर त्यांना एकच नंबर लावता येतो.

लॅबमध्ये त्याचा फोन आला. मी तयार होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला, खरंच. उत्तरं पाठ करून ठेवल्ती. पण त्यानं आवाज खाली घेतला — "रूपा, ऐक. घाबरू नको. तुकडे फेकले का तू?"

रूपा! लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर हे नाव त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

नाही फेकले, म्हणलं. तळाला पडलेत.

मंग सांगत गेला, एकेक. तुकडे उचल. टाकीच्याच पाण्यात खळखळून घे, नळाच्या नको. तुमच्या लॅबमध्ये आयोडीन असतं ना, त्याचे थेंब टाकून फिक्क्या चहासारखं पाणी कर, त्यात बुडवून काढ. कापल्यावर ते पाण्यात विष सोडतंय, म्हणून कार्बनची पिशवी नवी लाव. थोडं पाणी बदल. "करशील ना?"

अर्धी सुट्टी टाकून घरी आले. केलं सगळं. का केलं? रूपा म्हणाला म्हणून केलं. लिहायलासुद्धा लाज वाटतेय.


२२ फेब्रुवारी

एक तुकडा सडला. तपकिरी फेसकट लगदा. "तो लगेच काढून फेक, बाकीच्यांना लागंल," म्हणाला. फेकला. बाकी तुकडे आक्रसून सुपारीसारखे झालेत, पण सडले नाहीत.

गोंद लावून दगडाला चिकटवायला गेले तर चिकटेनात, शेंबडावर गोंद कसा बसेल. त्यानं युक्ती सांगितली. प्लास्टिकच्या वाटीत दगडाचे तुकडे ठेव, त्यावर कोरलचा तुकडा, वरून जाळीचं कापड ताणून रबर लाव. पाण्याचा जोर कमी तिथं वाटी ठेव. आपोआप धरतंय.

घरात जाळीचं कापड एकच. आत्याबाईंची मच्छरदाणी. कोपरा कापला. विचारलं नाही.

सकाळी त्यांच्या हातावर, कपाळावर गांधी उठल्या होत्या. मला दाखवल्या. मी म्हणलं, उन्हाळा आला ना, डास वाढले.


४ मार्च

धरलं!!

जाळी सोडली आणि तुकडा पडलाच नाही! दगड उलटा केला तरी पडेना. नखानं हळूच ढकललं, बुडाला पांढरा पाय फुटलाय आणि तो दगडाला घट्ट. आणि कडेला बारीक बोटं यायला लागलीत. माझ्या हातानं कापलेलं, माझ्या हातानं धरलेलं!

फोटो पाठवला. लगेच फोन. "काय सुंदर धरलंय रूपा. तुझा हात हलका हाय."

सात वर्षं झाली लग्नाला. भाजी कधी चांगली झाली नाही, चहा कधी बराबर झाला नाही, माझी नोकरी म्हणजे लोकांची लघवी तपासणं. आज हात हलका.

आत्याबाई मागं येऊन उभ्या होत्या. "दे, मला दे जरा." मी द्यायला गेले तेवढ्यात त्यानं ठेवला. "मला इचारलं का त्यानं?"

थाप मारता आली असती. म्हणलं, "न्हाई. तुमचं नावसुद्धा काढलं न्हाई."

त्यांचं तोंड बघून मला बरं वाटलं. वाटलं तसं लिहिते.


९ मार्च

त्यांनी परतफेड केली. नळाला आज पाणी आल्तं, सगळ्या बाया हंडे घेऊन. शेजारच्या वंदनाताईंना ऐकू जाईल असं, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मासे सांभाळता आले हिला. नवरा न्हाई सांभाळता आला." आणि वर, "गावाला प्यायला पानी न्हाई अन् ही यंत्रातून गाळून मिठात कालवून दगडाला पाजती."

हंडा भरून घरात आले. हात तसाच टाकीत घातला. गार वाटलं.


१६ मार्च

आता तो एक दिवसाआड फोन करतो. छत्री झाली, आता बाकीच्यांचे तुकडे कर म्हणाला. आमच्याकडं सगळी मऊ कोरलं, कडक ठेवायला कायद्यानं बंदी आहे. ते लालसर चपटे, आत्याबाई ज्यांना कान म्हणतात, ते मधोमध तोंडावरून कापायचे. अर्धा तोंडाचा भाग दोन्हीकडं आला पाहिजे. चार केले, चारही जगले, प्रत्येकाला पुन्हा आपापलं गोल तोंड आलं. ते मुठी उघड-मीट करणारं तर नुसतं तोडून ठेवलं तरी धरतं, निर्लज्ज.

बटणांसारख्या दिसणाऱ्या कोरलच्या झुबक्याला हात लावायचा तर म्हणाला, "हातमोजे घाल. चष्मा लाव. लई विषारी असतात, रस डोळ्यात उडाला तर दवाखाना."

माझी काळजी! दिवसभर तेच वाक्य डोक्यात. संध्याकाळी मंग दुसरं डोक्यात आलं — मी दवाखान्यात पडले तर टाकी कोण बघणार? ते पुसून टाकायचा प्रयत्न केला. पुसलं जात नाही.


२३ मार्च

तीन दिवस फोन नाही. आत्याबाई स्वतःहून माझ्याकडं आल्या, टाकीसमोर पाट घेऊन बसल्या. म्हणाल्या, "त्याला सांग, पानी बिघडलं."

"बिघडलं न्हाई."

"सांग की. मंग करतो फोन."

मला हसूच आलं. मंग मेसेज टाकला, पाणी गढूळ दिसतंय. पाचव्या मिनिटाला फोन! मी खोटं खोटं सांगत होते, आत्याबाई शेजारी बसून मान डोलावत होत्या, हां, हां, तसंच सांग. या घरात आल्यापासून आम्ही दोघींनी मिळून केलेलं पहिलं काम.

यावेळी फोन त्यांच्या कानाला लावला. "धम्मू, कसा हायेस रे?" त्यानं काय सांगितलं माहीत नाही. त्यांनी फोन परत दिला. "म्हनतो, रूपाला दे, पान्याचं बोलायचंय."


१४ एप्रिल

जयंती. आत्याबाईंनी पांढरं नऊवार काढलं, मी निळ्या काठाचं नेसले. दोघी पुतळ्यापाशी जाऊन वंदन करून आलो. डीजेचा दणका इतका की घरी येऊन बघते तर टाकीची काच थरथरतेय आणि सगळ्या तुकड्यांनी बोटं आत ओढून घेतलेली.

रस्त्यात चुलत सासरे भिवाकाका भेटले. "जय भीम, वहिनी. धम्मपाल न्हाई आला जयंतीला?"

आत्याबाई पटकन म्हणाल्या, "येनार हाय ना. काम लई हाय त्याला. ह्या महिन्यात न्हाई तर पुढल्या महिन्यात येनार हाय कायमचा."

खोटं बोलताहेत असं वाटलं नाही मला. मलाही तसंच वाटायला लागलंय. रोज फोन करतो माणूस. रूपा म्हणतो. तिकडं काही बिनसलं असेल. असू शकतं ना?


२७ एप्रिल

बेचाळीसच्या वर गेलाय पारा. टाकीचं पाणी तापलं की कोरल वितळतं. फ्रीजरमध्ये नुसत्या पाण्याच्या बाटल्या, गोठवून टाकीखालच्या डब्यात सोडते, पाणी गार करायचा चिलर एकटा पुरत नाही. फ्रीजमध्ये दुसऱ्या कशाला जागाच नाही. आत्याबाईंनी गार पाणी मागितलं. म्हणलं, माठातलं प्या.

दुपारी लॅबमध्ये असताना लाईट गेली. नेमकं इन्व्हर्टर बंद पडलेलं. मी पेशंट सोडून येऊ शकत नव्हते. संध्याकाळी धावत आले, सगळं मेलं असणार!

आत्याबाई टाकीजवळ स्टुलावर उभ्या. पदर खोचलेला. लोट्यानं पाणी उचलायचं आणि वरून धार सोडायची. हवा लागावी म्हणून. मला कधीतरी बोलताना ऐकलेलं. दुपारपासून तेच चाललंय. चेहरा घामानं निथळत होता, हात वर नेला की कापत होता. सगळं जिवंत. दोन्ही नारंगी मासे, सगळे तुकडे.

"उतरा," म्हणलं.

"लाईट येऊ दे. धम्मूचं हाय ना."

फोनवर त्याला सगळं सांगितलं. मनापासून सांगितलं, त्यांचा हात कसा कापत होता तेसुद्धा. तो म्हणाला, "आईला सांग, लोट्यानं नको करू परत. हाताचं तेल लागतं पाण्याला."

मी सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं न करता सांगितलं. आत्याबाईंनी दोन्ही तळहात उलटे करून बघितले, आणि जाऊन साबणानं धुतले.


१० मे

आज कळलं.

संध्याकाळी सगळ्या तुकड्यांचा व्हिडिओ पाठवला. छत्रीच्या तुकड्यांच्या आता छोट्या छोट्या छत्र्या झाल्यात. खुशीत होता फोनवर. "आता सगळे बराबर धरलेत. आता हलवायला हरकत न्हाई."

"कुठं हलवायचे?"

"इकडं. अर्पितानं सहा फुटी टाकी लावलीय. महिना झाला, पाणी तयार करून ठेवलंय. फक्त तुकड्यांची वाट बघून राह्यलो."

त्यालाच बोलायचं होतं.

"खरं सांगू रूपा, तू कापली ते बरंच झालं. अख्खी छत्री हललीच नसती, दगडासकट काढावी लागली असती, मेली असती. अर्पिता कवापासून म्हणत होती, तुकडे करून आण. माझा हातच होईना."

म्हणजे मी त्याचंच काम केलं. मी त्याच्या जिवावर ब्लेड चालवलं असं समजत होते आणि मी तिच्यासाठी पाकिटं भरत होते. तीन महिने. हलक्या हातानं.


११ मे

लॅबला गेले. आले.


१२ मे

बुद्ध पौर्णिमा. खीर केली. आत्याबाई खिरीची वाटी हातात घेऊन बसल्या होत्या तेवढ्यात त्याचा फोन. त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतला. "धम्मू, कधी येतो रं तू?"

स्पीकरवर होता. "येतो आई. पंचवीस तारखेला, रविवारी. गाडीच घेऊन येतो. सगळं घेऊन जातो."

आत्याबाईंनी फोन ठेवला. वाटी खाली ठेवली. "सगळं घेऊन जातो म्हनला." उठून आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटावरची मोठी पिशवी काढून झटकायला लागल्या.

मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी सगळं म्हणजे काय धरलं ते.

मी सांगितलं नाही.


१८ मे

पिशवी भरणं चाललंय. दोन नऊवारी, एक नवं लुगडं. सासऱ्यांचा फोटो, टॉवेलात गुंडाळून. डोळ्यात घालायचे थेंब. धम्मूला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी कुटली, डबा घट्ट बसतो का ते दहादा बघितलं. रोज काढतात, रोज परत भरतात. वंदनाताईंना सांगून आल्या, "हैद्राबादला चालले पोराकडं. वाटूरला माझ्या भावाला बी कळवलं." गल्लीत आता सगळ्यांना माहीत.

आणि माझ्याशी गोड झाल्यात! हेच सहन होत नाही. काल माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. "तू बी पोरगी चांगली हायेस गं. माझीच जीभ कडू. मी गेले की तुला बी सुटका."

त्यांची बोटं केसात होती आणि मला सांगावंसं वाटलं. आत्याबाई, तो कोरल म्हणतोय, तुम्हाला नाही. एवढं एकच वाक्य. तोंडाशी आलं. मंग नळावरच्या बाया आठवल्या. रगत काढणारी आठवलं. गर्भ पडला त्या आठवड्यात मला भांडी घासायला बसवलं होतं ते आठवलं.

नाही सांगितलं. सांगणार नाही. उभी राहून बघणार आहे.


२५ मे, रविवार

सकाळी लवकर आला, उन्हाच्या आधी. पांढरी गाडी. अर्पिता पुढच्या सीटवर, एसी चालू, काचा बंद. उतरली नाही. आत्याबाई तांब्या-पेला घेऊन गेल्या, काच वाजवली. काच चार बोटं खाली आली. "नको आंटी, बाटली आहे आमच्याकडं." काच वर.

तो आत आला. "आई, बरी हायेस ना?" नजर टाकीवर. टाकीपाशी बसला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. डोळे भरून आल्ते त्याचे. खोटं नाही.

मंग काम. झाकणाच्या पांढऱ्या बादल्या आणल्या होत्या, सेलवर चालणारे बुडबुड्यांचे पंप. टाकीचंच पाणी भरलं. एकेक तुकडा त्याच्या दगडासकट असा उचलायचा की श्वास रोखून धरायचा. मी बादली धरली. बोटाला बोट लागलं. "काय केलंस तू रूपा. असं मलासुद्धा जमलं नसतं." आणि मला — त्या वेळेलासुद्धा! — छान वाटलं. माझ्यासारखी मूर्ख बाई या जालन्यात दुसरी नसेल.

छत्रीचा खालचा देठ, त्यालाही आता नवी टोपी फुटलीय, तो तेवढा दगडाला धरून. "तो राहू दे तुला," म्हणाला. "निघत न्हाई तो."

बादल्या ओसरीत सावलीला नेऊन ठेवल्या. तिथं आत्याबाई. नवं लुगडं, पायात चप्पल, शेजारी पिशवी, मांडीवर चटणीचा डबा.

"आई, तू कुठं निघालीस?"

"तूच म्हनला ना. सगळं घेऊन जातो."

तो हसला. त्या हसत नाहीत हे बघून थांबला. "अगं, सगळं म्हंजी हे. कोरल. तुला कुठं नेऊ, गाडीत जागा तर पाहिजे. मागच्या सीटवर बादल्या, डिक्कीत चिलर आणि दिवे."

"मी मांडीवर घेते की एक बादली. हलू सुद्धा देनार न्हाई."

"आई, लेकरावानी करू नको. तिकडं दोनच खोल्या हायेत. पुढल्या खेपेला बघू." आणि गाडीकडं बघितलं, काच बंद आहे ना ते.

मी दारात उभी होते. हेच बघायचं होतं मला. तेरा दिवस मी याचीच वाट बघत होते. आणि आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्याच्याकडं नाही, माझ्याकडं. त्यांना कळलं. मला माहीत होतं हे त्यांना तेव्हाच कळलं.

"जा," म्हणाल्या त्याला. "दिवे-बिवे काढ. मी बसते इथं, राखन करते."

आत जाऊन आम्ही दिवे सोडवले, चिलरचे पाईप काढले. टाकी अंधारी झाली. देठाचं काय होणार, दिव्याशिवाय? विचारलं नाही मी. त्यानंही सांगितलं नाही.

बाहेर आलो तर त्या बादल्यांची झाकणं दाबून दाबून बसवत होत्या, एकेक. धम्मपाल म्हणाला, "असू दे आई, मी बघतो." बादल्या मागच्या सीटवर ठेवल्या, मध्ये उशा कोंबल्या, सीटबेल्ट लावले. बादल्यांना सीटबेल्ट! आत्याबाईंनी चटणीचा डबा खिडकीतून दिला. त्यानं घेतला आणि पायाशी ठेवला.

गाडी वळली. मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. बारा मेपासून घासून घासून. म्हणून टाकलं —

"दगडाला जागा झाली बघा, आत्याबाई. तुम्हाला न्हाई झाली."

"हं," म्हणाल्या.

मला वाटलं होतं गार वाटेल. काहीच वाटलं नाही. नुसतं ऊन वर आल्तं.


२६ मे

काल दुपारपासून जेवल्या नाहीत. पिशवी सोडली नाही, लुगडं बदललं नाही. चप्पल काढली तेवढी. सकाळी चहा ठेवला, साय धरून गार झाला. "वाटूरला सोडून येऊ का मामांकडं?" मान हलवली, नाही. "डॉक्टरला फोन करू?" नाही.

लॅबमध्ये असताना धम्मपालचे फोनवर फोन. उचलले नाहीत. सगळं नीट पोचलं, तिला किती आवडलं, हेच ऐकायचं ना? नको.

संध्याकाळी भाकरी थापली. ताट नेऊन ठेवलं, ताट उचलून आणलं. मी पण नाही जेवले. त्यांच्यासाठी नाही. भूकच नव्हती.


२७ मे

शेवटी उचलला फोन. आधी कळेचना काय बोलतोय. हुंदके देत होता. "मारलंस तू. सगळं मारलंस. झाकण काढलं तर नुसता फेस, हात घातला तर लगदा. साबण! एकेका बादलीत साबण घातला तू रूपा!"

मी नाही घातला, म्हणलं. तो ऐकतच नव्हता. मागून अर्पिताचा आवाज येत होता, पुरे आता, ठेव. ठेवला.

अंगणातल्या मोरीवर जाऊन बघितलं. भांड्याच्या साबणाची मोठी बाटली. रविवारी सकाळी भरलेली होती. आता तळाला दोन थेंब.

घरात आले. आत्याबाई कॉटवर, भिंतीला टेकून.

"फोन आल्ता का त्याचा?"

"हो."

"रडला का?"

"रडला. लई रडला."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

त्यांनी मान हलवली. मंग कॉटवरून खाली उतरल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, स्वतःच ताट घेतलं आणि मी चुलीसमोर भाकरी थापत होते तिथं माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"वाढ," म्हणाल्या. "दोन खाईन. तू बी घे."